वाईट डिस्क घेऊन दुकानात

पडद्यावर ‘नो डिस्क’ आलं. डिस्क आत होती, मीच घातली होती. बाहेर काढली, अंगातल्या कपड्याला पुसली, फुंकर मारली, परत घातली. ट्रे आत गेला, आत काहीतरी दोनदा कुरकुरलं आणि पुन्हा तेच. हा माझा तिसरा डीव्हीडी प्लेअर. पहिले दोन असेच गेले होते आणि दोन्ही वेळा ‘लेन्स गेली असणार’ म्हणत मी ते भंगारात दिले होते.

आजच्या काळात डीव्हीडी हवीच कशाला, असं मला घरातलेच विचारतात. बाबांनी जुन्या व्हिडिओ कॅसेट एका डीव्हीडी रेकॉर्डरवर उतरवून ठेवल्या होत्या. साठेक डिस्क. प्रत्येकीवर गोल कागदी लेबल, त्यावर त्यांच्या अक्षरात तारीख आणि कोण कोण दिसतं त्यांची नावं. शिवाय विकत घेतलेल्या दोनशेच्या आसपास, त्यातल्या बऱ्याच आता दुसरीकडे कुठे बघायला मिळत नाहीत. आईला ट्रेमध्ये डिस्क ठेवून रिमोटचं बटण दाबायचं असतं, त्याहून जास्त काही तिला नको असतं. म्हणजे प्लेअर हवाच.

या वेळी भंगारात देण्याआधी मी तो एका दुरुस्तीवाल्या काकांकडे नेला. “काका, लेन्स गेलीय का हो?” मी विचारलं. ते हसले. “आलेला प्रत्येक जण हेच विचारतो. गाण्याची सीडी आहे का जवळ?” माझ्याकडे नव्हती, त्यांच्याच खणातली त्यांनी घातली. सीडी लगेच वाजायला लागली.

“बघा ताई. मोटर फिरते, सप्लाय ठीक आहे, ट्रे ठीक आहे. सीडी वाचणारा डोळा वेगळा आणि डीव्हीडी वाचणारा वेगळा. तुमचा दुसरा डोळा मंद झालाय, नाहीतर मळलाय.”

एवढ्या साध्या गोष्टीची मला कल्पना नव्हती. प्लेअरच्या पिकअपमध्ये, म्हणजे डिस्क वाचणाऱ्या भागात, दोन लेझर असतात, बाहेरून लेन्स एकच दिसते. सीडीसाठी ७८० नॅनोमीटरचा, डोळ्यांना जेमतेम जाणवेल असा अवरक्त, आणि डीव्हीडीसाठी ६५० नॅनोमीटरचा लाल. डिस्कवर माहिती बारीक गोल रेघांवर, म्हणजे मागांवर, लिहिलेली असते. सीडीवरच्या दोन मागांमध्ये १.६ मायक्रॉनचं अंतर असतं, डीव्हीडीवर ०.७४. माणसाच्या एका केसाच्या जाडीत डीव्हीडीचे जवळपास शंभर माग बसतात. त्यामुळे लेन्सवर धुळीचा पातळ थर बसला तरी सीडी निभावून नेते, डीव्हीडी आधी हात टेकते. ‘सीडी चालते, डीव्हीडी चालत नाही’ हे लक्षण म्हणजे निम्मं निदान झालं.

काकांनी झाकण उघडलं, कापसाच्या बोळ्याने लेन्स पुसली आणि प्लेअर चालला. मग माझ्या आधीच्या दोन प्लेअरची लक्षणं विचारली. पहिल्याचा ट्रे बाहेरच यायचा नाही, आत नुसती मोटर घरघरायची. “बेल्ट,” ते म्हणाले. ट्रे ओढणारं, अंगठ्यात घालता येईल एवढं रबराचं कडं, ते ताणून सैल होतं. दुसरा चालूच होत नसे. मग बराच वेळ प्लग लावून ठेवला की कधीतरी दिवा लागायचा. “कपॅसिटर फुगला असणार.” सप्लायमध्ये वीज साठवून धरणारा तो छोटा डबा. म्हणजे दोन्ही वेळा लेन्स शाबूत होती आणि मी धडधाकट यंत्रं भंगारवाल्याच्या हाती दिली होती. हे ऐकून मला जे वाटलं ते काकांना दिसलं असावं, कारण त्यांनी विषय बदलला. “याचा लेझर थकलाय. पुसून काही महिने चालेल. नवा घ्यायचा असेल तर आत्ताच शोधायला लागा, घाई झाली की माणूस खोका बघून घेतो.”

खोका बघून घेणं हेच मी आधी दोनदा केलं होतं. खोक्यावर लिहिलेलं असतं की चित्र ‘फुल एचडी’ होईल. डीव्हीडीवर मुळात ५७६ ओळी असतात, किंवा दुसऱ्या पद्धतीच्या डिस्कवर ४८०. त्या फुगवून १०८० करण्याचं काम प्लेअर करतो, नाही केलं तर टीव्ही करतो, आणि बऱ्याचदा टीव्हीच ते बरं करतो. त्यावर मी पैसे मोजायचे कारण नव्हतं. एचडीएमआयची जागा मात्र हवी होती, कारण जुन्या तीन रंगांच्या पिनांसाठी बऱ्याच नव्या टीव्हींना भोकंच उरलेली नाहीत.

मग काय बघायचं? काकांचं म्हणणं होतं, तुमच्या घरातल्या सगळ्यात वाईट डिस्क घेऊन दुकानात जा. दुकानदार स्वतःची चकचकीत डिस्क लावून दाखवतो, ती कोणताही प्लेअर वाचतो. मी पिशवीत सहा डिस्क भरल्या, आणि त्या निवडतानाच मला माझ्या साठ्याबद्दल गेल्या दहा वर्षांत कळलं नव्हतं तेवढं कळलं.

पहिली, दोन पदरांची छापील डिस्क, मोठ्या चित्रपटाची. एका पदरात ४.७ जीबी मावतात, दोन पदरांत ८.५. लेझर पहिला पदर आतून बाहेर वाचत जातो, काठाला पोचला की दुसऱ्या पदरावर लक्ष बसवतो आणि परत आत येतो. म्हणजे डिस्कचा काठ चित्रपटाच्या मध्यावर येतो. बोटांचे ठसे, खरवडे, किंचित वाकलेपण, सगळं काठालाच असतं. म्हणून दुकानात पहिली पाच मिनिटं बघून काही कळत नाही, सरळ मध्यावर उडी मारायची. तिथे क्षणभर चित्र थबकतं, तो पदर बदलण्याचा क्षण. अर्धा सेकंद थबकून पुढे गेला तर ठीक. तीन सेकंद चाचपडत राहिला, किंवा चौकोन चौकोन दिसायला लागले, तर तो प्लेअर नको. एका पदराच्या डिस्कमध्ये हेच दुखणं चित्रपटाच्या शेवटाला येतं. ऐन शेवटच्या प्रसंगाला अडकण्याचा राग मी वर्षानुवर्षं नशिबावर काढत आले होते.

दुसरी, बाबांची एक डीव्हीडी-आर. घरी एकदाच लिहायच्या या डिस्कमध्ये छापील डिस्कसारखे बारीक खड्डे नसतात. सेंद्रिय रंगाचा थर लेझरने जाळून खुणा केलेल्या असतात. हा रंग उन्हाने, उष्णतेने हळूहळू उतरतो. तिसरी, पुन्हा पुन्हा लिहिता येणारी आरडब्ल्यू. एका पदराची छापील डिस्क ४५ ते ८५ टक्के प्रकाश परत पाठवते, आरडब्ल्यू फक्त १८ ते ३० टक्के. दोन पदरांच्या छापील डिस्कचा आकडाही तेवढाच असतो, त्यामुळे काही जुने प्लेअर आरडब्ल्यूला दोन पदरांची समजतात आणि गोंधळतात. चौथी, गोलाकार खरवडा गेलेली. पाचवी, परदेशातून आलेली, दुसऱ्या विभागाची. डीव्हीडीला विभागांचे आकडे असतात, आणि दुसऱ्या आकड्याची डिस्क प्लेअर नाकारू शकतो: अमेरिका-कॅनडा १, युरोप आणि जपान २, भारत ५. प्लेअर ‘सर्व विभाग’ म्हणत असेल तर डिस्क घालून बघितल्याशिवाय मानायचं नाही. सहावी, गाण्याची सीडी.

पहिल्या दुकानातल्या मुलाला माझी पिशवी आवडली नाही. “मॅडम, सगळ्या चालतात,” तो दर दोन मिनिटांनी म्हणत राहिला. मी तिथून निघाले. दुसऱ्या दुकानातल्या बाईंनी खुर्ची दिली आणि म्हणाल्या, बसा आणि लावा. तीन प्लेअर लावून बघितले. सगळ्यात देखणा, वहीएवढा पातळ, आरडब्ल्यूला अडला आणि खरवड्याच्या डिस्कवर आतून किटकिट आवाज काढू लागला. दुसरा सगळं वाचत होता, पण त्याच्या पुढच्या बाजूला चालू-बंद आणि ट्रे यांच्याशिवाय एकही बटण नव्हतं. रिमोट हरवला की मेनूमध्ये वर-खाली जाणंही अशक्य. आमच्या घरात रिमोट महिन्यातून एकदा हरवतो. तिसरा दिसायला ठोकळा होता. बाजूला आणि वर हवेच्या फटी, पुढे सहा बटणं, वेळ दाखवणारी छोटी पट्टी. वीज बाहेरच्या १२ व्होल्टच्या ॲडॅप्टरवर. मला हे शेवटचं सगळ्यात आवडलं. सप्लाय आतच असला तर त्याची उष्णता आतच साठते आणि बिघडला की सगळं खोलावं लागतं. ॲडॅप्टर बिघडला तर नवा लावायचा. उलटा करून खाली बघितलं, साधे फुलीचे स्क्रू. चिकटवून बंद केलेला नव्हता. घेतला.

ब्लू-रे प्लेअर घ्यावा का, हाही विचार झाला. तो डीव्हीडीही वाचतो, त्यात निळसर-जांभळ्या ४०५ नॅनोमीटरच्या लेझरच्या जोडीला लाल लेझरही असतोच. चालू व्हायला मात्र वेळ घेतो आणि आईला तेवढा धीर नाही. वापरलेला घेणाऱ्यांना काकांनी सांगितलेली एक खूण सांगते: विकणाऱ्याला आधी फोनवर सांगायचं की प्लेअर बंद ठेवा, मी आल्यावर चालू करू. कपॅसिटर थकलेला प्लेअर गार असताना अडतो आणि तापल्यावर शहाण्यासारखा वागतो. आधीच तापवून ठेवलेला प्लेअर तुम्हाला काहीच सांगत नाही.

घरी आणल्यावर पहिली चूक तासाभरात केली. जागा नव्हती म्हणून तो ॲम्प्लिफायरवर ठेवला. आधीचे दोन्हीही तिथेच असत, हे तेव्हा आठवलं. ॲम्प्लिफायरवर हात ठेवून बघितला, चांगला ऊन लागत होता. तापमान दर १० अंश सेल्सिअसने वाढलं की कपॅसिटरचं आयुष्य साधारण निम्मं होतं, असा इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांचा ठोकताळा आहे. माझ्या दुसऱ्या प्लेअरला मीच शेकून मारलं होतं. नव्याला खालच्या फळीवर स्वतंत्र जागा दिली, वर चार बोटं मोकळी हवा, आणि टीव्हीच्या मागचा पडदा कायमचा बाजूला केला.

सवयी बदलायला जास्त वेळ लागला. आई चित्र थांबवून फोनवर बोलायला जायची आणि अर्ध्या तासाने यायची. थांबवलेल्या चित्रामागे डिस्क फिरतच असते आणि लेझर पेटलेलाच असतो. आतल्या बाजूला मिनिटाला चौदाशेच्या आसपास फेरे, काठाला सहाशेच्या आसपास. “आई, थांबवू नको, बंद कर, परत तिथूनच सुरू होतो,” हे मी इतक्यांदा सांगितलं की आता ती मलाच सांगते. ट्रे हाताने ढकलून बंद करणं मात्र तिने सोडलेलं नाही. ती तिच्या पिढीची खोड आहे, टेपरेकॉर्डरच्या काळापासूनची. मी त्यावर वाद घालणं सोडलं.

डिस्क पुसण्याची माझी पद्धतही चुकीची होती. गोल गोल पुसलं की मागाच्या दिशेने खरवडा पडतो. डीव्हीडीवरच्या माहितीत चूक सुधारण्याची सोय पेरलेली असते. माग आडवा कापणारा खरवडा त्या सोयीला झेपतो, मागाला समांतर लांबच लांब गेलेला झेपत नाही. म्हणून मऊ कापडाने मध्यापासून सरळ काठाकडे.

बाबांची लेबलं ही माझी सगळ्यात अवघड बाब. कागद वाळला की आकसतो, डिस्क किंचित वाकते, आणि एका बाजूला जड झालेली डिस्क फिरताना थरथरते. त्यातल्या दोन डिस्कपैकी कुठलीही घातली की प्लेअर गुरगुरायचा. लेबल सोलून काढावं तर डीव्हीडी म्हणजे ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्या एकमेकींना चिकटवलेल्या. ओढाताणीत त्या सुटायच्या. आणि त्यांचं अक्षर फाडायला माझा हात धजला नाही. त्या सगळ्या डिस्क संगणकावर सावकाश उतरवून घेतल्या आणि कोऱ्या डिस्कवर परत लिहिल्या. नव्यांवर लेबल नाही, डिस्कसाठी मिळणाऱ्या पेनने फक्त मधल्या पारदर्शक कड्यावर क्रमांक. मूळ डिस्क उभ्या, अंधाऱ्या कपाटात.

या कामात अजून एक भानगड उलगडली. चार डिस्क कुठल्याच प्लेअरला कधीच वाचता आल्या नव्हत्या आणि त्यांच्यापायी मी तिन्ही प्लेअरना शिव्या घातल्या होत्या. त्या खराब नव्हत्या. रेकॉर्डरवर चित्रण संपलं की ‘फायनलाइज’ करावं लागतं, तेव्हाच डिस्कवरची सूची पूर्ण होते आणि दुसऱ्या प्लेअरला ती कळते. बाबा ते करायला विसरले होते. एका ओळखीच्याने संगणकावर त्यातलं चित्रण बाहेर काढून दिलं. त्यातल्या एका डिस्कवर बाबा स्वतः रेकॉर्डरची पुस्तिका हातात धरून, चष्मा कपाळावर चढवून बसलेले आहेत.

जुना तिसरा प्लेअर मी ठेवून दिला होता, शिकण्यासाठी. त्याच्यावर मी सगळे प्रयोग केले आणि एक घोडचूकही. आधी ब्रश असलेली लेन्स साफ करणारी डिस्क वापरली होती. तिचे केस फिरत्या डिस्कच्या वेगाने लेन्सवर आपटतात. लेन्स बारीक तारांवर तरंगती टांगलेली असते. ती डिस्क मी परत वापरलेली नाही. झाकण उघडून हाताने पुसणं जास्त सोपं आणि सौम्य: प्लग काढायचा, सप्लाय आत असेल तर बराच वेळ थांबायचं आणि त्या बाजूला बोट घालायचं नाही, कारण मुख्य कपॅसिटर प्लग काढल्यावरही ३०० व्होल्टच्या वर धरून बसलेला असू शकतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एक थेंब कापसाच्या काडीवर, आणि डोळ्यातलं कुसळ काढतो तेवढाच जोर. चालू प्लेअरच्या लेन्समध्ये डोकावायचं नाही.

मग काही महिन्यांनी तो प्लेअर, काका म्हणाले तसा, खरोखरच थकला. मी त्याच नमुन्याचा नवा पिकअप मागवला आणि स्वतः बसवला. चार स्क्रू, एक चपटी रिबन केबल. बसवून अभिमानाने डिस्क घातली. ‘नो डिस्क’. रिबन काढून परत लावली. तेच. पिकअपच्या कडेला एक इवलासा फिरवायचा स्क्रू दिसतो, लेझरचा जोर वाढवणारा, आणि स्क्रूड्रायव्हर तिथपर्यंत गेलाही होता. विकणाऱ्याने खराब माल पाठवला म्हणून त्याला लांबलचक तक्रार लिहिली. पाठवण्याआधी काकांना फोन केला.

“कथील काढलंत का?”

“कसलं कथील?”

नव्या पिकअपच्या छोट्या पट्टीवर कथलाचा एक ठिपका मुद्दाम लावलेला असतो. अंगातल्या स्थिर विजेने लेझर डायोड मरू नये म्हणून त्याच्या टोकांना एकत्र जोडून ठेवलेलं असतं. केबल लावल्यानंतर तो ठिपका काढायचा, आणि पिकअप परत सोडवायचा असेल तर आधी लावायचा. सोल्डरिंगच्या तापलेल्या टोकाने तो काढला आणि लेझर पेटला. तक्रार खोडली. “तो स्क्रू फिरवला नाहीत ना?” काकांनी विचारलं. नाही म्हटल्यावर ते म्हणाले, “बरं केलंत. जोर वाढवला की आठ दिवस छान चालतो आणि मग जळतो.”

तो प्लेअर आता माझ्या खोलीत आहे. ठोकळा आईकडे, आणि त्याचं सातवं वर्ष चालू आहे. या काळात बेल्ट एकदा बदलला. लेन्स दोनदा पुसली. पिकअप ज्या दांड्यावरून सरकतो त्यावरचं ग्रीस मेणासारखं घट्ट झालं होतं, ते पुसून प्लास्टिकला चालणाऱ्या ग्रीसचा ठिपका लावला. प्लेअरच्या बुडाला, बाहेरून, एक पाकीट चिकटवलेलं आहे. त्यात जादा बेल्ट आणि एक चिठ्ठी. चिठ्ठीवर केलेल्या कामांच्या तारखा आहेत. गेल्या आठवड्यात ती काढली तर माझ्या शेवटच्या ओळीखाली आईच्या अक्षरात लिहिलेलं दिसलं: ‘ट्रे जरा अडतोय. मी ढकलला म्हणून नाही.’